बासष्टवाले नाना

मुरुडात बासष्ट हा आकडा जरा जपूनच उच्चारावा. वाण्याने हिशेब करून "बासष्ट झाले" म्हटलं आणि नेमके त्या वेळी नाना दुकानात असले, तर वाणी, गिऱ्हाईक आणि मागे गोळ्या घ्यायला उभं असलेलं पोर अशा सगळ्यांची रवानगी अदिस अबाबाच्या स्टेडियमात होते. उरलेल्या भारताला 1962 म्हटलं की चीन आठवतो. नानांना 21 जानेवारी आठवते. त्या दिवशी इथिओपियाने इजिप्तला (तेव्हा त्याचं नाव संयुक्त अरब प्रजासत्ताक होतं, हेही नाना सांगतात आणि पूर्ण सांगतात) जादा वेळेत 4-2 असं हरवून आफ्रिका चषक जिंकला. तो पहिला चषक. तोच शेवटचा. नानांचा प्रपंच त्या एका चषकावर चाललाय.

नानांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर आहे. गावात ते बासष्टवाले नाना. एसटीत कंडक्टर होते, बहुतेक नोकरी अलिबाग-मुरुड मार्गावर गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खाकी शर्ट सुटलेला नाही. खांद्याला चामड्याची पिशवीही तीच, फक्त आता आत तिकिटांऐवजी कात्रणं आणि झेरॉक्स असतात. रस्त्यात घोळका दिसला की नाना सवयीने "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत आत शिरतात, आणि आत शिरले की इथिओपिया काढतात.

रायगड जिल्ह्यात हे जरा अवघडच. इथे पोरं कबड्डीवर वाढतात. उरलेला वेळ आणि सगळी भाताची खाचरं टेनिस बॉलच्या क्रिकेटला दिलेली. फुटबॉल असतो तो ओहोटीला किनाऱ्यावर, अनवाणी, समोरच्या टीमचे किती खेळाडू आहेत हे कोणालाही नक्की माहीत नसताना. अशा तालुक्यात एका माणसाने हजारो मैलांवरच्या, तेही सतत हरणाऱ्या टीमचा संसार आपल्या डोक्यावर घ्यावा, हे घडलं कसं?

घडलं एसटीतच. पुण्याला तेव्हा आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी शिकायला असत. त्यातला एक इथिओपियाचा मुलगा मुरुडसमोरचा जंजिरा किल्ला बघायला निघाला आणि नानांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसला. आपल्याकडच्या माणसांनी समुद्र ओलांडून इथे राज्य केलं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. नानांनी त्याला विचारलं, तुमच्याकडे काय खेळतात? पुढचं सगळं त्याने मोडक्या हिंदीत आणि हातवारे करून सांगितलं, आणि नानांनी ते वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, मागे लिहून घेतलं. तो 1982 नंतरचा काळ. मुलाने सांगितलं, आमची टीम आत्ताच आफ्रिका चषकात खेळून आली, लवकरच पुन्हा खेळेल. नानांनी विश्वास ठेवला. इथिओपिया पुन्हा आफ्रिका चषकात उतरला तो 2013 साली. मध्ये 31 वर्षं गेली, नानांचे केस गेले, पण वेबिल जपून राहिलं.

त्यानंतर मुरुडच्या गाडीत बसणाऱ्याला तिकिटासोबत इतिहास मिळू लागला. टप्पे ठरलेले. अलिबाग सुटलं की 1957. खार्तुम, पहिलीच स्पर्धा. दक्षिण आफ्रिकेने गोऱ्या-काळ्यांचा एकत्र संघ पाठवायला नकार दिला म्हणून तिला बाहेर काढलं. तिची गाठ इथिओपियाशी पडायची होती, त्यामुळे इथिओपिया एकही सामना न खेळता थेट अंतिम फेरीत! ऐकणारा प्रवासी खूश होईतो नागाव मागे पडायचं आणि चौलला निकाल लागायचा : इजिप्त 4, इथिओपिया 0. चारही गोल एकाच माणसाचे, अद-दिबाचे. रेवदंड्याला 1959. स्पर्धा कैरोत, संघ तीनच. इजिप्तकडून पुन्हा 4-0, सुदानकडून 1-0, इथिओपिया तिसरा. "तिनात तिसरा," असं मागून कोणी पुटपुटलं की नाना त्याच्याकडे जाऊन सुट्टे पैसे मागायचे.

साळावचा पूल ओलांडला की आवाज चढायचा. 1962. स्पर्धा घरी, अदिस अबाबाला. उपांत्य सामन्यात ट्युनिशियाचा 4-2 असा निकाल लावला, आता समोर पुन्हा इजिप्त. कोर्लईला गाडी थांबायची. कोर्लई म्हणजे पोर्तुगीजांच्या वेळची वस्ती. तिथले ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीजातून निपजलेली स्वतःची बोली बोलतात. त्यांच्यातलं कोणी चढलं की नाना खास त्यांच्यासाठी सांगायचे, "आमचा कॅप्टन लुचानो वासालो. भाऊ इतालो वासालो. बाप इटालियन, आई एरिट्रियाची. नाव ऐका, नाव! तुमचाच माणूस." कोर्लईच्या बाया टोपली सीटखाली सरकवत मान डोलवायच्या. एकीने एकदा विचारलं, "कुठल्या घरातला?" नानांनी बोर्ली येईपर्यंत विचार केला आणि मग म्हणाले, "वरच्या आळीतला."

काशीद आलं की प्रवासी समुद्राकडे बघायला लागायचे. नानांना हा अपमान वाटायचा, कारण नेमक्या त्याच वेळी 84व्या मिनिटाला लुचानोने 2-2 अशी बरोबरी केलेली असायची. जादा वेळेत 101व्या मिनिटाला धाकट्या इतालोचा गोल. नांदगाव आलं की लोक सिद्धिविनायकाला हात जोडायचे ते बरोबर 117व्या मिनिटाला, मेंगिस्तू वर्कूच्या चौथ्या गोलावर. नवाबाचा राजवाडा दिसला की सम्राट हैले सेलासी खुर्चीतून उठायचे आणि मुरुडच्या स्टँडवर लुचानोच्या हातात चषक पडायचा. परतीच्या फेरीत नाना गप्प असायचे. पुढे सांगायला होतं काय? 1968 साली पुन्हा घरी स्पर्धा भरवली, चौथे आले. 1976 साली पुन्हा भरवली, पहिल्याच फेरीत बाहेर. एवढं सांगायला रेवदंड्यापर्यंतचा रस्ताही लागत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल, नाना जंजिऱ्यावर राज्य केलेल्या, आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांपैकी असतील. तर नाही. नाना आहेत पलीकडच्या पार्टीचे. जंजिऱ्यावर शिड्या लावण्याचा शिवाजी महाराजांच्या काळातला तो रात्रीचा बेत प्रसिद्ध आहे. लाय पाटील कोळ्याने माणसं नेऊन तटाला शिड्या भिडवल्या आणि मोरोपंत पेशव्यांच्या धारकऱ्यांची वाट बघितली. ती माणसं काही आली नाहीत. उजाडायला लागलं तशा शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी तरी लाय पाटलाचं कौतुक केलं, पालखी देऊ केली. पाटील म्हणाला, दर्यावर पालखी घेऊन काय करू? मग त्याला 'पालखी' नावाचं गलबत मिळालं, असं परंपरेने सांगतात. नानांच्या घरातली परंपरा एक पायरी पुढे आहे : त्या शिडीवर वरून तिसरा त्यांचा पूर्वज होता. पुरावा मागू नये. मागितला की नाना उजवा पंजा दाखवतात, घराण्यात सगळ्यांची पकड घट्ट आहे म्हणून.

तर मग शिडीवाल्याच्या वंशजाने तटावरच्या माणसाच्या टीमसाठी जीव का टाकावा? मी हे एकदा सरळच विचारलं. नानांनी आधी समुद्राकडे बोट केलं. एका बाजूला जंजिरा, दुसऱ्या बाजूला कांसा खडकावर महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग.

"आपण काय काय केलं, मोजा. महाराजांनी स्वाऱ्या केल्या. तो पद्मदुर्ग उभा केला. संभाजीराजांनी 1682 साली खाडीत दगड टाकून थेट किल्ल्यापर्यंत रस्ता बांधायला घेतला. पेशवे आले, आंग्रे आले. पडला का किल्ला? नाही पडला. 1948 साली संस्थान विलीन झालं तेव्हा सहीने पडला. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे ज्याला आपले बाप हरवू शकले नाहीत, त्याला आता कोणीही ऐरागैरा येऊन चार गोल मारून जातो. हे मी बघत बसायचं? मग आपली किंमत काय राहिली?"

नानांचा सगळा अभ्यास या एका प्रश्नातून आलाय. बहुतेक लोक आपल्या पूर्वजांच्या विजयावर जगतात. नानांच्या वाट्याला पूर्वजांचा पराभव आला आणि तो भारी ठरवायचा तर समोरचा भारी असला पाहिजे. म्हणून 1896 सालची अदवाची लढाई त्यांना पाठ आहे, जिथे इथिओपियाने इटलीच्या फौजेला धूळ चारली. म्हणून मलिक अंबर त्यांना घरचा. "इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाही चालवली, मोगलांना दमवलं," असं सांगून ते थोडं थांबतात आणि म्हणतात, "हा मिडफिल्डला हवा होता."

अलिबागच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या एका सरांनी यावर पाणी ओतायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, नाना, पश्चिम किनाऱ्यावर आलेले आफ्रिकी लोक सगळे काही इथिओपियाचे नव्हते. काही तिथल्या डोंगरातले, तसे काही खाली झांझिबार-मोझांबिकच्या किनाऱ्यावरचेही होते. इथे सगळ्यांना सरसकट हबशी म्हणत. नाना म्हणाले, "सर, मला एक सांगा. बोर्लीला चढलेला, कोर्लईला चढलेला, साळावला चढलेला, सगळ्यांना अलिबागला उतरवताना मी कुठली गाडी म्हणून सांगायचो? मुरुड गाडी." सर गप्प झाले. तरी नानांच्या मनात शंकेचा किडा शिरलाच असावा, कारण पुढचे काही महिने त्यांनी गुपचूप टांझानियाही पाहून ठेवला. टांझानिया आफ्रिका चषकात खेळला 1980 साली आणि त्यानंतर थेट 2019 साली. नानांनी तो कागद पिशवीत सर्वांत खाली घातला. म्हणाले, "हे तर आपल्याहून लांबचे निघाले."

मोठं संकट आलं ते मोबाइलमुळे. शेजारच्या एका पोराने शोधून काढलं की 1962 च्या त्या स्पर्धेत मुळात संघच चार होते. म्हणजे दोन सामने जिंकले की चषक. आणि यजमान म्हणून पात्रता फेरी नाहीच. पोराने हे चारचौघांत, पारावर, मोठ्याने सांगितलं. नानांनी ही गोष्ट इतकी वर्षं साळावच्या पुलाखाली दडवली होती. क्षणभर त्यांचा चेहरा तिकीट मशीन अडकल्यासारखा झाला. मग म्हणाले, "बाळा, गेल्या साली तुझ्या मंडळाने कबड्डीचा चषक जिंकला. किती संघ आले होते?"

"पाच, नाना."

"त्यातले दोन?"

"एक जेवून गेला. एकाचा टेम्पो बंद पडला."

"मग चषक अर्धा घेतलास का पूर्ण?"

पारावरच्या लोकांनी नानांच्या बाजूने निकाल दिला. याच पारावर एका शहाण्याने असंही सुचवलं होतं की, नाना, 1962 च पाहिजे तर त्याच साली जकार्ताला आपण आशियाई सुवर्ण जिंकलं की, दक्षिण कोरियाला 2-1 हरवून. प्रशिक्षक रहीमसाहेबांची टीम. त्याचा अभिमान धरा. नानांनी विषय सौजन्याने ऐकून घेतला. "त्याला कलकत्ता आहे, हैदराबाद आहे. त्यांच्या मागे माणसं आहेत. इथिओपियाला मुरुड तालुक्यात माझ्याशिवाय कोण आहे?"

हे मात्र अक्षरशः खरं. राजपुरीच्या जेटीवरून किल्ल्याला शिडाच्या होड्या जातात. होडीवाले गाइडचंही काम करतात आणि कलालबांगडी तोफेपासून दरवाजावरच्या हत्ती पकडलेल्या वाघापर्यंत सगळं एका श्वासात म्हणतात. नाना कधीमधी फुकट होडीत बसतात. वाघाच्या पंजात हत्ती आहेत असं गाइड सांगू लागला की नाना मध्ये घालतात, "आणि 1962 साली पंजात इजिप्त होता." पर्यटक ते इतिहास म्हणून वहीत लिहून घेतात. त्यातल्या एकाच्या प्रवासवर्णनात जंजिऱ्यावर इजिप्तने हल्ला केल्याचा उल्लेख आला, तर मला नवल वाटणार नाही.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याकडेही नाना जाऊन आले. मुरुडला सिद्द्यांशी जुनं नातं सांगणारी घरं आहेत. त्यातल्या एका तरुणाला नाना मोठ्या आदराने भेटले, 1962 चं अभिनंदन केलं. तो बिचारा चक्रावला. चहा दिला, खारी दिली आणि म्हणाला, "नाना, मी तर मेस्सीवाला." नाना घरी येऊन काकूंना म्हणाले, "त्यांना परंपरा राखता येत नाही. आपल्यालाच बघायला हवं."

आणि मग 2013 उजाडलं. 31 वर्षांनी इथिओपिया आफ्रिका चषकात. स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत, पहिला सामना गतविजेत्या झांबियाशी, आणि तारीख? 21 जानेवारी! नानांनी तारीख बघितली आणि अंघोळ करून आले. टीव्हीवर काही मिळेना म्हणून झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर ठरला. सामना दिसायचा नाही, नुसता स्कोअर, तोही पान पुन्हा पुन्हा उघडून. कबड्डीची पोरं जमली. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं, म्हणजे गिऱ्हाईक येऊ नये आणि नानांनी बाहेर जाऊ नये.

आधी इथिओपियाला पेनल्टी मिळाली. सलादिन सैदने ती घालवली. मग गोलकीपरला लाल कार्ड. उरले दहा. नाना खुर्चीवर मागे रेलले. एक पोरगा समजुतीने म्हणाला, "दहा आहेत ना नाना? आमचं सातात भागतं." मध्यंतराच्या तोंडावर झांबियाने गोल केला. तेवढ्यात काकूंचा फोन आला, जेवायला येताय का म्हणून. नानांनी परिस्थिती सांगितली. काकू वाडी, सुपारी आणि घरचे हिशेब सांभाळतात, त्यांना आकड्यांची जाण आहे. म्हणाल्या, "दहा जणांत बरोबरी झाली तर ती जिंकल्यातच धरा. मी आमटी गरम करते." आणि खरोखर 65व्या मिनिटाला अदाने गिर्माचा गोल! पान उघडायला इतका वेळ लागला की गोल आधी दुकानदाराच्या चेहऱ्यावर दिसला. 1-1. नाना उठले, छताकडे हात नेला, नसलेली दोरी ओढली आणि ओरडले, "डबल बेल!" मग सगळी पोरं "डबल बेल, डबल बेल" करत बाजारपेठेतून गेली. निम्म्या गावाला वाटलं रात्रीची जादा गाडी सुटतेय. दोघं पिशव्या घेऊन स्टँडवर आलेही.

पुढच्या सामन्यात बुर्किना फासोने चार गोल मारले. शून्याला चार. त्यानंतर नायजेरियाकडून 2-0, दोन्ही पेनल्टीवर. नाना आठवडाभर वाडीतच होते. गावातही कोणी बासष्ट काढलं नाही. वाणी त्या आठवड्यात एकसष्ट नाहीतर त्रेसष्ट घेत होता.

पण नानांना खरा घाव बसला तो त्याच वर्षी जूनमध्ये. विश्वचषकाची पात्रता फेरी चाललेली, इथिओपिया गटात पुढे. बोट्स्वानाला बोट्स्वानात 2-1 हरवलं. मग निघालं की दोन पिवळी कार्डं झालेला एक खेळाडू, ज्याने त्या दिवशी बसायला हवं होतं, तो खेळला. त्यांच्या संघटनेने चूक कबूल केली. तीन गुण गेले. हरणं नाना समजू शकतात, हरण्यात त्यांच्या घराण्याचा अनुभव मोठा आहे. पण नोंद चुकवणं? "आख्ख्या नोकरीत माझं वेबिल चुकलं नाही. चेकर चढले, दारुडे चढले, गणपतीची गर्दी चढली, शिमग्याची चढली. एक तिकीट इकडचं तिकडे नाही. आणि या लोकांना अकरा माणसांची दोन-दोन कार्डं मोजता येत नाहीत?" त्या रात्री त्यांनी त्या विद्यार्थ्याच्या नावाने वेबिलाच्या मागे, रिकाम्या राहिलेल्या जागेत, 'फार निष्काळजीपणा' असा शेरा मारला. इथिओपिया तरीही गटात पहिला आला. ब्राझीलला जायला एकच दार उरलं होतं, तिथे पुन्हा नायजेरिया उभा होता. घरी 1-2, त्यांच्याकडे 0-2.

एवढं सोसलेल्या माणसाच्या आयुष्यात 9 जून 2022 येतो, तेव्हा त्याने काय करावं? नानांनी नारळाच्या वड्या वाटल्या. इथिओपियाने इजिप्तला 2-0 हरवलं होतं. लोक विचारत होते, नात झाली का? "1957 चे चार, 1959 चे चार," नाना वडी हातावर ठेवत सांगत होते, "त्यातले दोन आज फिटले." त्यांच्या वहीत 1962 जमेला धरलेलं नाही, तो नफा, तो मुद्दलात घालायचा नाही, असा नियम आहे.

वडी खाता खाता कोणीतरी विचारलं, सामना कुठे झाला? नाना म्हणाले, घरच्या मैदानावर. म्हणजे अदिस अबाबाला? नाना जरा घुटमळले. घरची स्टेडियमं आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाच्या नियमात बसत नव्हती, म्हणून इथिओपियाचा हा घरचा सामना मलावी देशात, लिलाँग्वेला झाला होता. हा तपशील नानांना वडी वाटेपर्यंत टोचला नव्हता, आता टोचला. संध्याकाळी ते माझ्याकडे कागद घेऊन आले. "तुमचं लिहिलेलं छापून येतं. जरा नीटनेटकं करून द्या," म्हणाले. मी शुद्धलेखनाखेरीज काही बदललं नाही.

"प्रति, मा. राजदूत साहेब, इथिओपिया, नवी दिल्ली. विषय : घरच्या मैदानाबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवितो की, आपल्या संघास सध्या घरचे मैदान नाही असे समजते. तरी आपले एक घर मुरुड, जिल्हा रायगड येथे असून समोरच समुद्रात आपल्या माणसांचा किल्ला आहे. तो आम्हांस कधी घेता आला नाही, सबब सुस्थितीत आहे. किनारा लांब व सपाट आहे. सामना ओहोटीस ठेवावा, भरतीचे वेळापत्रक सोबत जोडले आहे. पावसाळ्यात किल्ल्यास होड्या बंद असतात, तरी खेळाडूंस किल्ला दाखविणे झाल्यास दिवाळीनंतर यावे. संघात पिवळी कार्डे मोजणारा माणूस नसल्यास अर्जदार निवृत्त कंडक्टर असून विनामूल्य येण्यास तयार आहे. कळावे. ता. क. : सामना इजिप्तशी असल्यास कृपया पंधरा दिवस आधी कळवावे, सुपारी काढणीची माणसे पुढे ढकलावी लागतील."